पांढऱ्या एप्रनमधला कामगार

दरवर्षी निकालाचे दिवस आले की घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये सत्काराचे कार्यक्रम होतात. विहारात सतरंज्या अंथरल्या जातात. गुणवंतांना पुष्पगुच्छ आणि पुस्तक देण्यात येते. त्यात एखादी मुलगी किंवा मुलगा मेडिकलला लागलेला असला तर टाळ्यांचा आवाज काही निराळाच असतो. ज्या आई-वडिलांनी सफाई खात्यात, गोदीत, लोकांच्या घरची धुणीभांडी करण्यात आयुष्य घालवले, त्यांच्या घरात डॉक्टर होणार ही गोष्ट लहान नाही. परंतु पेढे वाटून झाल्यावर त्या मुलाचे पुढे काय होते, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. "डॉक्टर झाला, आता त्याला काय कमी?" असे म्हणून आपण मोकळे होतो. हा लेख त्या पुढच्या वर्षांविषयी आहे.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण?

उपनगरातल्या साध्या माणसाला आजारपणात पालिकेच्या रुग्णालयाचाच आधार असतो. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, पार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी ही नावे घराघरात माहीत आहेत. दुखणे मोठे असले की "शीवला न्या", "केईएमला न्या" असे सांगितले जाते. रात्री दोन वाजता आपण आपला माणूस घेऊन या मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत शिरतो, तेव्हा समोर धावत येणारा तरुण डॉक्टर बहुधा निवासी डॉक्टर असतो. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष संपवून, नीट-पीजीची परीक्षा देऊन तो एमडी किंवा एमएसच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला आलेला असतो. म्हणजे तो विद्यार्थी आहे. पण त्याच वेळी रुग्णालयाचा सारा रोजचा गाडा तोच ओढतो. कूपर रुग्णालयाला जोडून २०१५ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून उपनगरालाही हे विद्यार्थी-डॉक्टर जवळून दिसू लागले.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा दिवस आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. पहाटे उठून वॉर्डातील रुग्णांचे रक्त काढायचे, बाटल्यांवर नावे घालायची, कागद भरायचे. सकाळी वरिष्ठांचा राऊंड. मग ओपीडी किंवा ऑपरेशन थिएटर. वॉर्डबॉय जागेवर नसला तर ट्रॉली स्वतः ढकलायची, रक्तपेढीतून रक्ताची पिशवी आणायची, हरवलेला एक्स-रे शोधायचा. युनिटची इमर्जन्सी असली की रात्रभर दाखल रुग्ण येत राहतात. उजाडले म्हणून सुट्टी होत नाही, कारण रात्री दाखल झालेल्यांचे काम दुसऱ्या दिवशी असतेच. याखेरीज प्रबंध लिहायचा, परीक्षेचा अभ्यास करायचा. २०२१ साली नीट-पीजीचे प्रवेश रखडले, तेव्हा पहिल्या वर्षाची तुकडीच आली नाही. तिघांचे काम दोघांवर पडले आणि डिसेंबरमध्ये देशभरातील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तेव्हा कुठे लोकांना कळले की ही मुले किती काम करतात.

तासांचा हिशेब

आम्ही कारकुनी करणारी माणसे. हजेरीपट आणि ओव्हरटाइम यांचा हिशेब आम्हांला कळतो. म्हणून तोच हिशेब येथे मांडतो.

आठवड्याचे तास १६८. समजा एखादा निवासी डॉक्टर आठवड्याला १०० तास ड्युटी करतो. १०० हा आकडा ऐकून या मुलांपैकी कोणीही दचकत नाही. रोज सहा तास झोप धरली तर ४२ तास गेले. उरले २६, म्हणजे दिवसाला चार तासही नाहीत. त्यात आंघोळ, जेवण, कपडे धुणे, घरी फोन, अभ्यास आणि प्रबंध. हे बसत नाही, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. जे बसत नाही ते झोपेतून कापले जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही चालणाऱ्या कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. पुढे १९४८ च्या कायद्याने हीच मर्यादा कायम केली. दिवसाला नऊ तास, आठवड्याची सुट्टी, जास्त काम केल्यास दुप्पट दर. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीतील गिरणी कामगाराला हा हक्क मिळाला.

निवासी डॉक्टरांच्या बाबतीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांच्या योजनेचे निर्देश काढले. त्यातही कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असे म्हटले आहे. आकडा तोच, ४८! पण त्याला "कामाच्या निकडीप्रमाणे" अशी पळवाट ठेवलेली आहे, आणि सरकारी रुग्णालयात निकड कधी संपत नाही. पुढे २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांत "वाजवी तास" आणि "वाजवी विश्रांती" असे शब्द आले. वर्षाला २० दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि आठवड्याची सुट्टीही लिहिली गेली. वाजवी म्हणजे किती, हे मात्र लिहिले नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कृती दल नेमले होते. २०२४ साली त्याचा अहवाल आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. सुमारे ४५ टक्क्यांनी आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम असल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक जणांना आठवड्याची सुट्टी नियमित मिळत नाही. आणि ३१.२ टक्के जणांच्या मनात जीवन संपवण्याचे विचार येऊन गेले होते. दर तीन डॉक्टरांमागे जवळजवळ एक! कृती दलाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली: एक दिवस २४ तास, पाच दिवस १० तास, एक दिवस सुट्टी. आयोगाच्याच आकडेवारीप्रमाणे आधीच्या पाच वर्षांत देशात १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील ५८ पदव्युत्तर शिक्षण घेणारे होते. शिक्षण अर्ध्यावर सोडून गेलेले पदव्युत्तर विद्यार्थी १,११७. सीट सोडली तर लाखो रुपयांचा दंड भरावा लागत असतानाही हे घडले.

भात करपतो तसा माणूस करपतो

अतिकामाने माणसाची जी अवस्था होते तिला 'बर्नआऊट' म्हणतात. हा शब्द न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली वापरात आणला. मराठीत आम्ही त्याला 'करपणे' म्हणू. चुलीवर भांडे राहिले, पाणी आटले आणि जाळ तसाच राहिला की भात करपतो. त्यात तांदळाचा दोष नसतो.

या करपण्याच्या तीन खुणा मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाख यांनी सांगितल्या आहेत. पहिली, झोपूनही न जाणारा थकवा. दुसरी, माणसांविषयी कोरडेपणा. रुग्णाचे नाव जाते आणि 'बेड नंबर चौदा' उरतो. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही, आपण या कामाच्या लायकीचे नाही, असे सतत वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या जागी निर्माण होणारी स्थिती म्हणून केली. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कारण जर कामाच्या जागी असेल तर इलाजही तेथेच करावा लागेल. मुलाला "मन घट्ट कर" म्हणून तो सुटणार नाही. मात्र ही स्थिती लांबली तर त्यातून नैराश्याचा आजार जडू शकतो, आणि त्याला औषधोपचार लागतात.

यात रुग्णाचेही नुकसान आहे. अमेरिकेत १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायॉन नावाची १८ वर्षांची मुलगी दगावली. तिची काळजी घेणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्युटीवर होते. वडिलांनी लढा दिला, चौकशी झाली आणि १९८९ साली त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ साली ती सर्व देशाला लागू झाली. पुढे २००४ साली बोस्टनच्या अभ्यासात दिसले की २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून, कमी तासांच्या पाळ्यांच्या तुलनेत, गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होतात. ड्रायव्हर झोपला असेल तर आपण बसमध्ये बसणार नाही. मग ३० तास जागलेल्या हातांत इंजेक्शनची सुई आपण निमूट कशी पाहतो?

ओझ्यावर ओझे

आपल्या समाजातून आलेल्या मुलांच्या खांद्यावर तासांखेरीज आणखी एक ओझे असते. "कोट्यातला आहे" हा टोमणा. वर्गात, वॉर्डात, मेसमध्ये तो कधी उघड तर कधी हसण्यावारी येतो. रँक विचारली जाते, आडनाव दोनदा विचारले जाते. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली होती. २००७ च्या त्या अहवालात हॉस्टेलपासून परीक्षेपर्यंतच्या भेदभावाची नोंद आहे.

मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे नाव आपण विसरू शकत नाही. त्या जळगाव जिल्ह्यातल्या, आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या. मिरजेला एमबीबीएस करून २०१८ साली त्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला आल्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी हॉस्टेलवर जीवनाचा अंत केला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टर जातीवरून छळ करीत होत्या, अशी कुटुंबाची तक्रार होती. त्या तिघींना अटक झाली आणि आरोपपत्र दाखल झाले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पायल यांच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांच्यासह २०१९ सालीच सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दोन आयांनी आपल्या दुःखातून देशातील सर्व मुलांसाठी दरवाजा ठोठावला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. जातीय छळ म्हणजे बर्नआऊट नव्हे. छळ हा गुन्हा आहे. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. परंतु जेथे अठरा-अठरा तास राबवणे हीच शिकवण्याची रीत समजली जाते, तेथे छळ करणाऱ्याला लपायला जागा मिळते. "आम्हीपण असेच शिकलो" एवढे म्हटले की झाले. आणि ज्या मुलीला आपण लायक आहोत हे रोज सिद्ध करायचे आहे, ती रजा मागत नाही, ताप आला तरी सांगत नाही. दुसऱ्याची सुट्टी मंजूर होते, आपली मागितली तर समाजाचे नाव जाईल, असे तिला वाटते. तिच्या भांड्यातले पाणी इतरांच्या आधी आटते ते यामुळे.

एक मुलगी सावरली

आमच्या परिचयाच्या एका घरातील हकीकत सांगतो. नाव आणि रुग्णालय सांगत नाही. मुलगी पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात होती. महिन्यातून एकदा घरी येई. एके रविवारी आईने ताट वाढले, दोन घास झाले आणि ती ताटावरच बसल्या बसल्या झोपली. संध्याकाळी उठल्यावर आईला म्हणाली, "आई, काल माझ्या वॉर्डात एक म्हातारी गेली. मला काहीच वाटलं नाही. मला त्याचीच भीती वाटते."

वडील म्हणाले, "थोडे दिवस काढ बाळा, समाजाचं नाव आहे." वडिलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी स्वतः पंचवीस वर्षे असेच दिवस काढले होते. पण मुलीची आत्या एका रुग्णालयात आया म्हणून नोकरी केलेली बाई. ती भावाला म्हणाली, "दादा, पोरगी राहिली तर नाव राहील. आधी तिला झोपू दे."

आत्याने तिला दुसऱ्या रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नेले. आपल्याच महाविद्यालयात दाखवले तर बोलबाला होईल, अशी मुलीला धास्ती होती. डॉक्टरांनी नैराश्य आहे असे सांगून गोळ्या सुरू केल्या आणि तीन आठवड्यांच्या वैद्यकीय रजेचा दाखला दिला. विभागात कोणीतरी म्हणालेच, "या लोकांना झेपत नाही." परंतु एका शिक्षिकेने रजा मंजूर करवून घेतली आणि परतल्यावर पहिला महिना तिला सलग दोन इमर्जन्सी लावू नयेत असे पाहिले. बरोबरच्या दोन मुलांनी आपल्या पाळ्या बदलून दिल्या.

पहिले दोन आठवडे ती नुसती झोपली. उठायची, वरणभात खायची, पुन्हा झोपायची. मग हळूहळू आईबरोबर बाजारात जाऊ लागली. गोळ्या काही महिने चालल्या. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत बंद झाल्या. मध्ये एकदा पुन्हा त्रास झाला, तेव्हा मात्र तिने स्वतःच ओपीडी गाठली. पुढे ती पास झाली आणि आज काम करते आहे. तिला कशाने बरे वाटले असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "झोप, गोळ्या आणि घरात कोणी विचारलं नाही की परत कधी जाणार."

आमच्या मते या हकीकतीत सावरण्याची सारी रीत आली आहे. आधी झोप, मग उपचार, मग कामाच्या पाळीत बदल, आणि या सर्वांत घरच्यांचा आधार. डॉक्टरांच्या बर्नआऊटवर जगभर जे अभ्यास झाले, त्यांतही असेच दिसते की नुसत्या वैयक्तिक उपायांपेक्षा कामाची पद्धत बदलल्याने अधिक गुण येतो. योग-प्राणायामाचे एक व्याख्यान ठेवून रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही.

आपण काय करावे?

वाचक बंधू-भगिनींनो, रुग्णालयाचे वेळापत्रक आपल्या हातात नाही. पण बऱ्याच गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट घरची. मुलगा किंवा मुलगी सुट्टीला आली की त्या दिवशी आपल्या घराची ओपीडी होते. शेजारचे काका साखरेचे रिपोर्ट घेऊन येतात, मामी गुडघा दाखवतात, कोणी फोनवर एक्स-रे पाठवतो. प्रेमापोटीच हे होते. परंतु तो तिचा महिन्यातला एकच दिवस असतो. आई-वडिलांनी दारातच नम्रपणे सांगावे, "आज ती झोपली आहे." त्याच दिवशी स्थळ दाखवण्याचा कार्यक्रमही ठेवू नये.

दुसरी, खुणा ओळखाव्यात. फोन बंद होणे, जेवण तुटणे, सतत चिडणे, कशातच रस न उरणे, "मी नसते तर बरे झाले असते" असे बोलणे. असे शब्द कानावर आले तर ते थट्टेवारी नेऊ नयेत. एकटे सोडू नये, सरळ विचारावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. मराठीतही बोलता येते.

तिसरी, जातीवरून किंवा रॅगिंगने छळ होत असेल तर तारीख-वार लिहून ठेवावे, संदेश जपून ठेवावेत आणि तक्रार लेखी द्यावी. तिची पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला फाइलमध्ये जागा नसते, हे आम्ही कचेरीतील अनुभवाने सांगतो. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे.

चौथी गोष्ट वॉर्डातली. आपला माणूस अत्यवस्थ असला की जीव खालीवर होतो. पण खाटा कमी, औषध बाहेरून आणावे लागते, याचा राग समोरच्या पंचविशीतल्या डॉक्टरवर काढू नये. ते त्याच्या हातात नसते. तक्रार असेल तर ती अधीक्षकांकडे, नगरसेवकाकडे न्यावी.

पाचवी गोष्ट संघटनांची. निवासी डॉक्टरांची 'मार्ड' ही संघटना संपावर गेली की आपण "गोरगरिबांचे हाल" म्हणून बोटे मोडतो. हाल होतात, हे खरे आहे. परंतु त्यांच्या मागण्यांत हॉस्टेलची खोली, सुरक्षा आणि माणुसकीचे तास असतील, तर आपल्या कामगार संघटनांनी, महिला मंडळांनी आणि विहार समित्यांनी त्यांची बाजू ऐकली पाहिजे. रिक्त पदे भरा, ७४ तासांची शिफारस बंधनकारक करा, ड्युटीचा हजेरीपट खरा ठेवा, ही मागणी रुग्णांनीही केली पाहिजे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरील शिकाऊ डॉक्टर तरुणीची हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानेही ३६-३६ तासांच्या ड्युटीविषयी चिंता व्यक्त केली. न्यायालयाने बोलून झाले. आता आपण बोलायचे आहे.

गिरणीतल्या माणसाला ४८ तास मिळाले ते मागितल्यावाचून मिळाले नाहीत. एप्रन घातल्याने कोणी कामगार राहत नाही असे नाही. आपल्या वस्तीतील जी मुले आज शीव, नायर, केईएम आणि कूपरमध्ये रात्र जागवत आहेत, त्यांना या आठवड्यात एक फोन करा. रिपोर्ट विचारू नका, परीक्षा विचारू नका. जेवलास का आणि किती तास झोपलास, एवढेच विचारा.